थेट डब्लिनहून

सुजीत खानविलकरांना आयर्लंडबद्दल प्रेम वाटू लागलं ते एका मंगळवारी, सकाळी साडेदहाच्या मीटिंगमध्ये. सोमवारपर्यंत त्या देशाविषयी त्यांचं काहीच म्हणणं नव्हतं. मग कुलगुरूंचा मेल आला, की एका आयरिश विद्यापीठाचं शिष्टमंडळ पुढच्या महिन्यात करारावर सह्या करायला येणार आहे. तो वाचून खानविलकर एका रात्रीत आयरिश संस्कृतीचे जाणकार झाले.

"वी विल डू अॅन आयरिश वीक," ते म्हणाले. "चार दिवस. टॉक्स, म्युझिक, डान्स. फुल इमर्शन. गुणवंत, यल्ला!"

रास अल खैमातल्या या खाजगी विद्यापीठात खानविलकर 'डायरेक्टर, ग्लोबल एंगेजमेंट' होते. मूळचे मुलुंडचे. एकवीस वर्षं आखातात काढल्यामुळे त्यांचं इंग्रजी आता कुठल्याच देशाचं राहिलं नव्हतं. मराठी त्यांच्या तोंडून फक्त राग आल्यावर बाहेर पडे. त्या खात्यात 'यल्ला', म्हणजे अरबीत 'चला', हा शब्द उच्चारला, की तो गुणवंत पोतनीसलाच उद्देशून आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. गुणवंत सीनियर को-ऑर्डिनेटर होता. म्हणजे साहेबांनी 'वी' म्हटलं, की ते काम करणारा माणूस तो.

याआधी त्याने कोरियन वीक केला होता, मेक्सिकन वीक केला होता. स्टोअररूममध्ये मोठाल्या टोप्या आणि कागदी पंखे धूळ खात पडले होते. शेजारच्या टेबलावरची एमान ही कैरोची. तिने त्या टोप्या हातात घेऊन फिरवून पाहिल्या.

"हिरवा रंग मारा," ती म्हणाली. "संस्कृती तीच राहील."

गुणवंतने रंग मारला.

पहिली अडचण झेंड्याची आली. स्टेजमागचं बारा फुटी बॅनर अजमानच्या औद्योगिक भागातल्या एका प्रिंटरकडे दिलं होतं. प्रिंटर सांगलीचा. डिझाइनमध्ये हिरवा, पांढरा, नारिंगी असे उभे पट्टे बघून त्याला वाटलं, ऑफिसच्या पोरांनी काहीतरी गोंधळ घातलाय. त्याने पट्टे आडवे केले, केशरी वर घेतला, मध्ये चक्र टाकलं आणि खाली 'आयरिश कल्चर वीक' हे शब्द सुरेख सोनेरी अक्षरांत ठेवले.

"साहेब, तुमच्या माणसाने झेंडा पार वाकडा केला होता," त्याने फोनवर सांगितलं. "मी नीट करून दिला. चक्राचे वेगळे पैसे लावले नाहीत."

दुसऱ्यांदा बॅनर आलं ते उभ्या पट्ट्यांचंच आलं, पण नारिंगी आधी आणि हिरवा शेवटी. तो झेंडा आयव्हरी कोस्टचा निघाला. खानविलकरांनी त्याच्यासमोर उभं राहून फोटो काढला, तो विद्यापीठाच्या पानावर चढला, आणि दुपारपर्यंत दोनशे लोकांनी तो पसंत केला. संध्याकाळी गुणवंतने आपला नेहमीचा मेल काढला. मथळा 'करेक्शन'. साहेब सकाळी जे जाहीर करत ते संध्याकाळी दुरुस्त करण्याचा मेल तो वर्षातून शंभरदा तरी पाठवत असे, विद्यापीठातल्या चार हजार पत्त्यांवर. तो कोणी वाचत नसे.

सोमवारी उद्घाटन झालं. व्याख्यानाचा विषय होता आयरिश भाषेची आजची स्थिती, आणि वक्त्या प्रोफेसर ब्रीद. उच्चार अगदी आपल्या ब्रीदवाक्यातल्या ब्रीदसारखा. सत्तरीच्या, उंच, पांढरे केस बारीक कापलेले, पायांत चालायच्या जाड चपला. शिष्टमंडळ त्यांच्याबरोबरच आलं होतं, शिवाय हार्प वाजवणारी एक बाई आणि एक व्हायोलिनवाला. नाचणाऱ्या आठ जणींचा चमू बुधवारी सकाळी उतरायचा होता.

सभागृह गच्च भरलं होतं. फ्लुइड मेकॅनिक्सच्या दोनशे मुलांना हजेरीचे दोन मार्क कबूल केले होते. त्यांची आयर्लंडविषयीची ओढ त्यांच्या चेहऱ्यावर दिसतच होती.

ब्रीदबाई उभ्या राहिल्या आणि बोलू लागल्या. पहिली सहा मिनिटं त्या निव्वळ आयरिशमध्ये बोलल्या. कोणी हललं नाही. पहिल्या रांगेतले डीन माना डोलावत होते. एका ठिकाणी बाई थांबल्या, तेव्हा विनोद झाला असावा असं समजून खानविलकर मोठ्याने हसले, आणि मागच्या चार रांगा त्यांच्या मागोमाग हसल्या.

मग बाई इंग्रजीत आल्या. "आत्तापर्यंत मी काय म्हणाले?"

डीनांच्या माना डोलायच्या थांबल्या.

"मी तीनदा सांगितलं, की पहिल्या रांगेत निळ्या कोटात जे गृहस्थ बसलेत, त्यांच्या बाहीवर दुकानाचं लेबल अजून तसंच आहे."

खानविलकरांनी बाही खाली ओढली.

"वाईट वाटून घेऊ नका," बाई म्हणाल्या. "माझ्या देशातही हेच चालतं. आमची भाषा प्रत्येक पाटीवर आहे. प्रत्येक मूल ती शाळेत शिकतं. सरकारी समारंभात कोणी ती बोललं, की सगळे अशाच माना डोलावतात. मग घरी जाऊन जेवायला काय आहे ते इंग्रजीत विचारतात."

गुणवंत कडेला उभा होता. त्याला उगाचच खोकला आला. नंतर प्रश्न विचारा म्हटल्यावर दोन हात वर झाले. एकाने विचारलं, सर्टिफिकेट मिळणार का. दुसऱ्याने विचारलं, हजेरीचा कोड बाहेर पडताना पुन्हा स्कॅन करायचा का.

एवढं होईपर्यंत दुपारचे दोन वाजले, आणि खानविलकरांनी गुणवंतला केबिनमध्ये बोलावून घेतलं. डब्लिनला वादळ होतं. तिथली विमानं रद्द झाली होती. नाचाचा चमू शुक्रवारच्या आधी निघू शकत नव्हता.

"पोस्टर छापलंय," खानविलकर म्हणाले. "थेट डब्लिनहून, असं लिहिलंय. कुलगुरू येणार आहेत. मला बुधवारी संध्याकाळी सहा वाजता आयरिश डान्स पाहिजे."

"सर, कार्यक्रम पुढे ढकलला तर..."

"दुबईत सगळं मिळतं, गुणवंत. आयरिश डान्सरही मिळेल. नाहीतर आपल्या बॉलिवूड क्लबच्या पोरींना हिरव्या ओढण्या द्या. यल्ला."

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी गुणवंतने ऑफिसमध्ये कधीच कोणाला सांगितली नव्हती. त्याची मुलगी ईश्वरी आठ वर्षं आयरिश डान्स शिकलेली होती. दहा वर्षांची असताना शारजाच्या शाळेत एका आयरिश बाईंनी तो फुकट शिकवायला सुरुवात केली, आणि फुकट म्हणून गुणवंतने पाठवलं. पुढे त्या बाईंनी दुबई मरीनात स्वतःचा क्लास काढला, आणि पोरगी दर शनिवारी तिकडे जाऊ लागली. पुण्याच्या कुंदाताईला, म्हणजे मोठ्या बहिणीला, आयरिश वगैरे समजावून सांगण्यापेक्षा गुणवंतने 'कथ्थक' असं सांगून टाकलं. ताईने हौसेने घुंगरू पाठवले.

मग महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात ईश्वरी नाचली. या नाचात हात अंगालगत सरळ ठेवतात आणि सगळं काम पायांनी करतात. पुढच्या खुर्चीतल्या एका गृहस्थांनी गुणवंतकडे वळून हळहळत विचारलं, "हातांना काही झालंय का हो तिच्या?" आजूबाजूचे पाच-सात जण हसले. घरी आल्यावर गुणवंतने जाहीर केलं, की बारावीचं वर्ष आहे, आता नाच खलास. पुढे ईश्वरी त्याच्याच विद्यापीठात सिव्हिलला लागली, कर्मचाऱ्यांच्या मुलांना फी कमी पडते म्हणून. रोज सकाळी अजमानहून बाप-लेक एकाच गाडीतून येत, आणि रेडिओ ऐकत.

या गोष्टीला दोन वर्षं झाली होती. म्हणून आता गुणवंतने घरी फोन न करता, सभ्य माणसासारखा, मरीनातल्या त्या क्लासचा नंबर शोधून तिकडे फोन लावला. नाव न सांगता फक्त विद्यापीठाचं नाव सांगितलं.

क्लासच्या मिस शिवॉन चांगल्या बोलल्या. त्यांच्या मोठ्या मुली स्पर्धेसाठी बाहेरगावी गेल्या होत्या. "पण एकजण आहे," त्या म्हणाल्या. "माझी असिस्टंट. लहान मुलांचा वर्ग तीच घेते. कोणाहीसमोर उभी करावी अशी मुलगी. अजमानला राहते. मला वाटतं, तुमच्याच विद्यापीठात शिकते."

"नाव?" गुणवंतने पेन उचललं.

"ईश्वरी पोतनीस."

पेन तसंच राहिलं.

"फक्त एक," मिस शिवॉन म्हणाल्या. "तिला जपून विचारा. तिचे वडील फार कडक आहेत म्हणे. त्यांना यातलं काही माहीत नाहीये."

"असं का," गुणवंत म्हणाला, आणि त्याने त्यांचे आभार मानले.

परत येताना गाडीत ईश्वरी शेजारीच बसली होती. तासभर त्याने रस्त्याकडे असं काही बघितलं, जणू तो रस्ता पहिल्यांदाच बघतोय. दर शनिवारी ती 'काँक्रीट टेक्नॉलॉजीच्या ग्रुप स्टडी'ला दुबईला जायची. बस, मेट्रो, परत बस. काँक्रीटचा विषय एवढा अवघड असतो, याचं त्याला कौतुकच वाटलं होतं.

घरी जेवताना त्याने भेंडीची भाजी वाढून घेतली आणि एकदम म्हणाला, "मिस शिवॉनशी बोललो आज."

अनुपमाच्या हातातला डाव वरणात बुडाला. ती शारजाच्या एका शाळेत गणित शिकवायची, आणि तिचा चेहरा बघून गुणवंतला कळलं, की हे गणित तिने केव्हाच सोडवलेलं होतं.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"घरातली चपला-बुटं मीच आवरते, गुणवंत. खिळे ठोकलेले बूट काँक्रीट शिकायला लागत नाहीत."

"ते खिळे नाहीत, आई," ईश्वरी म्हणाली. "फायबरग्लास टिप्स." मग बापाकडे बघून, "सो? यू आर अँग्री?"

रागवायची ही उत्तम वेळ होती. दोन वर्षांचं खोटं, बायको सामील. गुणवंतने घसा खाकरला. "बुधवारी संध्याकाळी मोकळी आहेस का?" त्याने विचारलं.

सगळं ऐकून झाल्यावर ईश्वरी इतकी हसली, की तिला ठसका लागला. अनुपमाने पाणी दिलं. हसू आवरल्यावर मात्र ती एकदम कामाचं बोलू लागली, आणि तिच्या बोलण्यातला तो कोरा, नेमका सूर गुणवंतने आजवर ऐकला नव्हता.

"स्टेजवर तुमचं ते जाड कार्पेट आहे. त्यावर हार्ड शूज वाजणार नाहीत. आय नीड वुड. प्लायवूड, अठरा एमएम, खाली पोकळी. तालीम मी त्या व्हायोलिनवाल्याबरोबर करणार, रेकॉर्डवर नाही. आणि बाबा, माझं नाव नीट सांगायचं."

"एवढंच ना," गुणवंत म्हणाला.

मंगळवारचा अख्खा दिवस त्याने प्लायवूडमागे घालवला. अजमानच्या एका मलबारी सुताराकडून आठ शीट घेतल्या, साडेसातशे दिरहम, म्हणजे सतरा-अठरा हजार रुपये, असं तो स्वतःशीच मोठ्याने बोलला, आणि तरीही घेतल्या. स्टेजवर लाकूड ठेवायला फॅसिलिटीज खात्याचा वर्क परमिट लागतो. त्या परमिटसाठी लाकडाच्या वजनाचं सर्टिफिकेट लागतं, आणि ते सर्टिफिकेट देणारा माणूस रजेवर होता. गुणवंतने रिकाम्या जागी स्वतःच सही केली. एकोणीस वर्षांच्या नोकरीतला हा त्याचा पहिला गुन्हा. सुताराबरोबर गुडघ्यांवर बसून त्याने पट्ट्या ठोकल्या, आणि शर्टाची बाही फाटली.

मग तो साहेबांकडे गेला. "सर, डान्सर मिळाली. आपलीच स्टुडंट आहे. दहा वर्षांचा अनुभव."

"ग्रेट. दिसायला कशी आहे?"

"म्हणजे?"

"गुणवंत, ऑडियन्सची एक अपेक्षा असते. लाल केस, गोरा रंग. ते मॅनेज करा. मी दुबईतल्या करामाहून एक विग मागवलाय." त्यांनी टेबलावरची पिशवी पुढे सरकवली. आतला विग लाल नव्हताच, टोमॅटो सॉसच्या रंगाचा होता. "नाव काय तिचं?"

"ईश्वरी."

"छान. ते कुठे टाकू नका. पोस्टर आहे तसं राहू दे."

'ती माझी मुलगी आहे' हे वाक्य गुणवंतच्या तोंडात तयार होतं. पण त्या तोंडातून एकोणीस वर्षं एकच वाक्य बाहेर पडत आलं होतं, आणि त्याला वाट माहीत होती. "यस सर," तो म्हणाला.

पिशवी बघून ईश्वरी भडकेल असं त्याला वाटलं. ती फक्त म्हणाली, "स्पर्धेत आम्ही सगळ्याच विग घालतो, बाबा. आयरिश मुलीसुद्धा. पण हा विग नाही, हे मांजर आहे." तिने स्वतःच्या केसांची घट्ट वेणी घातली आणि पिशवी एमानकडे दिली. एमानने तो विग एका मेक्सिकन टोपीला घातला.

बुधवारी सहा वाजता सभागृह पुन्हा भरलं. या वेळी थर्मोडायनॅमिक्सचा वर्ग होता. पहिल्या रांगेत कुलगुरू, शिष्टमंडळ, ब्रीदबाई. पाचव्या रांगेत अनुपमा. सूत्रसंचालन गुणवंतकडे. पडद्यामागे ईश्वरी बूट बांधून तयार होती, माइकपासून फार तर चार पावलांवर.

खानविलकरांनी त्याच्या हातात कार्ड दिलं. "जसंच्या तसं वाचा. एक शब्द इकडेतिकडे नको."

गुणवंतने कार्डाकडे बघितलं. मग सभागृहाकडे बघितलं. खानविलकर पहिल्या रांगेतून अंगठा वर करून दाखवत होते. त्याने वाचलं.

"लेडीज अँड जेंटलमेन, आपल्या भेटीला येत आहे, थेट डब्लिनहून आलेली, आयर्लंडची सुप्रसिद्ध नृत्यांगना..."

पडदा उघडला.

व्हायोलिनने सुरुवात केली आणि पाठोपाठ प्लायवूड बोलू लागलं. आधी एकेक टिपका, मग झडीसारखं. थर्मोडायनॅमिक्सच्या पोरांनी मोबाइलवरून माना वर काढल्या. ईश्वरीचं अंग कमरेपासून वर ताठ होतं, हात बाजूला, मुठी अलगद मिटलेल्या, आणि खाली पाय असे चालत होते की ते तिचे वाटतच नव्हते. गुणवंत विंगेत उभा होता. हातातल्या माइकच्या दांड्यातून त्याला ते ठोके जाणवत होते. ते हात तसे ठेवायला काय लागत असेल, हे त्याच्या पहिल्यांदाच लक्षात आलं. पायांत एवढं वादळ असताना हात हलू न देणं, आणि ते दोन वर्षं घरात, गाडीत, शेजारच्या सीटवर.

नाच संपला तेव्हा कुलगुरू उभे राहिले, म्हणून डीन उभे राहिले, म्हणून सगळे उभे राहिले. पोरं मात्र कुलगुरूंच्या आधीच उभी राहिली होती.

ब्रीदबाई तडक स्टेजवर चढल्या. गुणवंत तिथेच वायर गुंडाळत होता.

"कुठली गं तू?" त्यांनी ईश्वरीला विचारलं.

"अजमान."

"मला तेच वाटलं," बाई म्हणाल्या. "डब्लिनच्या मुलींनी लाकूड बघितल्यावर आधी तक्रार केली असती. आईवडील आले असतील ना बघायला?"

ईश्वरीने एकदा वायर गुंडाळणाऱ्या माणसाकडे बघितलं.

"आई आलीये," ती म्हणाली. "बाबा डब्लिनला असतील."

ती आईच्या गाडीतून घरी गेली. गुणवंत एकटा गाडी चालवत आला. त्याने रेडिओ लावला नाही. घरी त्याचं ताट झाकून ठेवलेलं होतं, आणि ईश्वरीच्या खोलीचं दार बंद होतं.

गुरुवारी सकाळी ती लवकरच्या बसने निघून गेली. आठ वाजता गुणवंत ऑफिसात येऊन बसला. त्याने मेल उघडला, चार हजार पत्ते टाकले, आणि मथळा लिहिला, 'करेक्शन'. सवयीने पुढचं भराभर आलं.

"काल संध्याकाळच्या कार्यक्रमातली नृत्यांगना डब्लिनहून आली होती असं मी जाहीर केलं. ते चूक आहे. ती अजमानहून आली होती, माझ्या गाडीतून. तिचं नाव ईश्वरी गुणवंत पोतनीस, सिव्हिल, दुसरं वर्ष. हे नृत्य ती दहा वर्षं करते आहे. त्यातली शेवटची दोन वर्षं मला माहीत नव्हती, कारण मी ते बंद केलं होतं. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहे."

त्याने बटण दाबलं. मग त्याच झटक्यात हाच मजकूर मराठी करून कुंदाताईला पाठवला. ताईचं उत्तर दोन मिनिटांत आलं. "म्हणजे घुंगरू वाया गेले?"

नऊ वाजता खानविलकर आले, आणि त्यांच्या तोंडून मुलुंड बाहेर पडलं. "अक्कल गहाण टाकलीय का, पोतनीस? आज अकरा वाजता सह्या आहेत! ते लोक काय म्हणतील? आपण खोटारडे आहोत म्हणतील!"

"आहोत, सर," गुणवंत म्हणाला. हे आपण बोललो, यावर त्याचा स्वतःचाच विश्वास बसेना.

"तुमची मुलगी आहे हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही नाव टाकू नका म्हणालात."

करेक्शनचा मेल कोणी वाचत नाही असा गुणवंतचा अनुभव होता. या वेळी मात्र सगळ्यांनी वाचला. लोकांनी 'काँग्रॅच्युलेशन्स' पाठवले, तेही सगळ्यांना. पार्किंग खात्याने पाठवले, ग्रंथालयाने पाठवले, एकाने चुकून 'गेट वेल सून' पाठवलं. दहा वाजून पाच मिनिटांनी कुलगुरूंचं उत्तर आलं, तीन शब्दांचं: "वेल डन, टीम." दहा वाजून सहा मिनिटांनी खानविलकरांनीही सगळ्यांना उत्तर दिलं, की स्थानिक गुणवत्ता जागतिक मंचावर आणणं हेच आपल्या खात्याचं पहिल्यापासूनचं धोरण आहे.

अकरा वाजता सह्या झाल्या. शिष्टमंडळाचे प्रमुख गुणवंतशी हात मिळवताना म्हणाले, की त्यांना सोमवारपासूनच ठाऊक होतं. अडकलेल्या मुलींनी डब्लिनहून त्यांनाच आधी कळवलं होतं. बुधवारी कोण नाचतंय हे बघायची त्यांना उत्सुकता होती. खानविलकर हे ऐकत उभे होते. त्यांच्या कोटाच्या बाहीवरचं लेबल आता काढलेलं होतं.

ब्रीदबाईंचं उत्तर दुपारी आलं, तेही सगळ्यांना, चार ओळी, निव्वळ आयरिशमध्ये. चाळीसेक लोकांनी त्याला लगेच अंगठा दिला. एमानने मात्र तो मजकूर भाषांतराच्या यंत्रात टाकला आणि गुणवंतला आपल्याकडे बोलावलं. यंत्राच्या म्हणण्याप्रमाणे बाईंनी लिहिलं होतं, "मुलीला निरोप सांगा. दुसऱ्या वळणावर तिचा डावा पाय अर्धा ठोका आधी पडतो. बाकी मला काही दोष दिसला नाही. वडिलांचं सांगता येत नाही."

गुणवंतने ते छापून घेतलं आणि ईश्वरीच्या वर्गाबाहेर जाऊन उभा राहिला. ती बाहेर आली, तिने कागद वाचला, आणि तिथेच कॉरिडॉरमध्ये बॅग खाली टाकून दुसरं वळण दोनदा घेऊन बघितलं.

"शी इज राइट," ती म्हणाली. "डावा आधी पडतोय. मिस शिवॉनला इतक्या वर्षांत दिसलं नाही." मग तिने कागदाची घडी घातली. "तुझा मेल वाचला, बाबा."

"हं."

"गैरसोयीबद्दल दिलगीर?"

"ते शेवटी असतंच. फॉरमॅट आहे."

तिला हसू येत होतं, पण तिने ते येऊ दिलं नाही. "शनिवारी मला सोडशील का? मेट्रोत फार वेळ जातो."

पुढच्या महिन्यात गुणवंतची बदली पार्किंग परमिट विभागात झाली. पत्रात तिला 'लॅटरल ग्रोथ' म्हटलं होतं. हुद्दा तोच, पगार तोच, फक्त संस्कृती गेली. नव्या जागी त्याला काहीही जाहीर करावं लागत नाही.

पण ते पुढचं; आयरिश वीक संपल्यावरच्या पहिल्याच शनिवारी तो सकाळी आठलाच गाडी काढून खाली उभा होता. ईश्वरी पुढे बसली. शारजा ओलांडताना नेहमीसारखी गाड्यांची रांग लागली, आणि त्याने विचारलं, "ते पायांचे ठोके मोजता कसे?"

तिने डॅशबोर्डवर बोटांनी वाजवून दाखवलं. त्याने स्टिअरिंगवर वाजवून बघितलं. चुकलं. तिने पुन्हा वाजवलं, तो पुन्हा चुकला, आणि या नादात मरीनाचा फाटा मागे पडला. गाडी जेबेल अलीच्या दिशेला लागली. "बाबा, एक्झिट!" असं ती ओरडेपर्यंत फार उशीर झाला होता. पुढून वळून यायला वीस मिनिटं गेली, शिवाय टोल पुन्हा पडला.

क्लासच्या दारात मिस शिवॉन घड्याळाकडे बोट करून उभ्या होत्या. आधी त्या ईश्वरीला बोलल्या. मग त्यांनी गुणवंतकडे वरपासून खालपर्यंत बघितलं.

"तुम्हीच ते कडक वडील का?"

"हो," गुणवंत म्हणाला.

"आलाच आहात तर बूट काढा आणि तिथे लॅपटॉपपाशी बसा. ती हात वर करेल तेव्हा गाणं पहिल्यापासून लावायचं."

आत सात-आठ वर्षांच्या बारा मुली रांगेत उभ्या होत्या. ईश्वरीने हात वर केला. गुणवंतने दुसरंच गाणं लावलं. मुली खिदळल्या. तिने पुन्हा हात वर केला. या वेळी गाणं बरोबर होतं, पण मधूनच सुरू झालं. ईश्वरीने डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला, आणि तिसऱ्यांदा हात वर केला.